स्पाचे सांडपाणी बोअरमध्ये सोडणे म्हणजे पुनर्भरण नव्हे

लातूरला माझ्या मामेबहिणीचा छोटा डे-स्पा आहे. गेल्या आठवड्यात तिने बराच फिरलेला एक संदेश मला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर येणार असल्याचे कळवले. म्हणून हे तातडीने लिहीत आहे. ‘पर्यावरणपूरक स्पा’साठी त्या संदेशात तीन उपाय आहेत: तेल-उटणे नैसर्गिक असल्याने अंघोळीचे पाणी थेट बोअरमध्ये सोडून भूजलाचे पुनर्भरण करावे, धुण्याचे पाणी वाचवण्यासाठी एकदाच वापरायच्या ‘कागदी’ चादरी घ्याव्यात आणि विजेऐवजी मेणबत्त्या लावाव्यात.

पहिला उपाय सर्वांत घातक आहे. तेल आणि साबण यांचे विघटन मातीच्या वरच्या थरात होते, कारण तिथे हवा आणि जिवाणू असतात. बोअरचे केसिंग, म्हणजे वरच्या भागात बसवलेला पाइप, नेमका हाच थर ओलांडून पाणी खाली नेते. मराठवाड्याचा बहुतेक खडक बेसाल्टचा असून पाणी त्याच्या भेगांतून वाहते आणि भेगांना मालकीची हद्द नसते. आपण सोडलेले साबणपाणी शेजाऱ्याच्या पिण्याच्या बोअरमध्ये पोहोचू शकते आणि एकदा आत गेलेले ते बाहेर काढण्याचा सोपा मार्ग नाही. छतावरच्या पावसाच्या पाण्यासाठीसुद्धा पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे आणि उरलेले गाळूनच जमिनीत मुरवावे, असे केंद्रीय भूजल मंडळाची मार्गदर्शक पुस्तिका सांगते. जिथे पावसाच्या पाण्यासाठी एवढी काळजी घ्यायची, तिथे तेल-साबणाचे पाणी चालेल हे कोणत्या आधाराने सांगितले जाते? 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात असा सल्ला पसरावा याचा मला मनस्वी संताप येतो.

सांडपाणी वाया जाऊ नये, हा त्यातला मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. परंतु त्यासाठी शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी मातीत हळूहळू मुरवणारा खड्डा, आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि डास दोन्ही हटवले. स्पामध्ये आधी तेल अडवणारा चेंबर हवा, तो वरचेवर साफ व्हायला हवा आणि खड्डा बोअरपासून पुरेसा दूर असावा. ग्राहकाच्या अंगावरचे तेल अंघोळीपूर्वी फडक्याने टिपून घेतले, तरी चेंबरचा बराच भार कमी होतो.

‘कागदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चादरी प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या असतात. एक तुकडा जपून पेटवून पाहावा: कागदाची राख होते, हे कापड वितळून त्याचा गोळा होतो. धुण्याचे पाणी वाचते हे खरे, पण रोजचा प्लास्टिक कचरा वाढतो. मेणबत्त्यांचे बहुतेक मेण खनिज तेलापासूनच येते, आणि एलईडी दिव्याला लागणारी वीज अगदीच थोडी असते.

प्लंबरला मी फोन करून बोअरकडे जाणारा पाइप जोडू नये असे सांगितले आहे. अंगणातल्या कडुनिंबापलीकडे, बोअरपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, शोषखड्ड्याची जागा आखली आहे.