झाशीत जन्मल्याने कुणी रंगी राम होत नाही

देवळालीच्या लष्करी छावणीवर बीबीसीने १९७४ ते १९८१ एक विनोदी मालिका चालवली, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. काळ १९४५चा, पात्रं ब्रिटिश तोफखान्याच्या नाटकमंडळीतली. त्यातला रंगी राम हा भारतीय बेअरर, म्हणजे साहेबांचा नोकर, मायकल बेट्स या इंग्रज नटाने तोंडाला रंग फासून केला. या निवडीची वकिली आजही जोरात चालते: बेट्स झाशीचा, त्याला उर्दू येत होतं, तेव्हा ब्रिटनमध्ये आपले नट नव्हतेच, मालिका हसते ती साहेबाला, आणि ती लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, जिमी पेरी, स्वतः देवळालीत राहिलेला.

बेट्सचा झाशीतला जन्म खरा, १९२०चा. गुरखा पलटणीतून तो ब्रह्मदेशात लढला हेही खरं. नटही उत्तम. पण ही झाली बेट्सची लायकी. दुसऱ्यांना संधी का नाकारली, याचं उत्तर त्यात नाही.

नट नव्हते हे तर धादांत खोटं. झिया मोहिउद्दीन १९६० सालीच लंडनच्या रंगभूमीवर 'अ पॅसेज टू इंडिया' या नाटकात डॉ. अझीझच्या भूमिकेत गाजला होता. दूर कशाला, याच मालिकेत ढाक्यात जन्मलेला दिनो शफीक चहावाला मुहम्मद होता, बाबर भट्टी पंखेवाला रमझान. १९७८ साली बेट्स वारला, तरी मालिका त्याच्याशिवाय आणखी तीन वर्षं चालली.

साहेबाला हसण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. कर्नल रेनॉल्ड्स आणि कॅप्टन अ‍ॅशवुड बावळटच आहेत, आणि विंडसर डेव्हिसच्या सार्जंट मेजरची आरडाओरड हा तर मालिकेचा प्राण. पण रंगी स्वतःलाच ब्रिटिश समजतो, 'आम्ही ब्रिटिश' म्हणून मिरवतो, त्या हशाचं काय? भारतीय नटाच्या तोंडी त्याच वाक्याला लाचारीची कळ आली असती, साहेबाला चिमटाही बसला असता. रंगवलेल्या इंग्रजाच्या तोंडी ती नुसती नक्कल उरते. शेवटच्या श्रेयनामावलीत शफीक साम्राज्याच्या वैभवाचं गाणं गातो आणि सार्जंट मेजर त्याच्यावर 'शट अप' ओरडतो. हशा कोणाच्या जिवावर पिकतो ते तिथे लख्ख दिसतं.

पेरी देवळालीत होता, मान्य. त्याने ती बराकीतून पाहिली, म्हणून चहा आणणारे आणि पंखा ओढणारे तेवढे दिसले. चित्रीकरण तर इंग्लंडमध्येच झालं.

बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही, याला 'बंदी' म्हणणंही चूक. तिच्या डीव्हीडी राजरोस विकल्या गेल्या आहेत.