गुणपत्रिकेबाहेरचे मैदान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2023 मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात आरोग्य, योग, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम, एनएसएस, एनसीसी आणि नाना कला अशा सगळ्यांना 'सहअभ्यासक्रम' या एकाच मथळ्याखाली श्रेयांक (क्रेडिट) देण्यात आले. तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत आणि घरच्या फोनवर एक वाद मी ऐकते आहे. एका पक्षाला वाटते, की आजवर 'फावल्या वेळचे उद्योग' म्हणून हिणवल्या गेलेल्या गोष्टींना अखेर मान मिळाला. दुसऱ्या पक्षाची तक्रार अशी, की मैदान नाही, शिक्षक नाहीत आणि तरीही गुण मात्र द्यायचे, म्हणजे आणखी एक कागद रंगवायचा. पुण्यात पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने या वादाचा निकाल एका वाक्यात लावला: "मावशी, आमच्याकडे योगाचं जर्नल पूर्ण केलं, की योग झाला."

मला दोन्ही पक्षांचे थोडेथोडे पटते, पण दोघेही गुणांवरच भांडत आहेत, हे खटकते. महाविद्यालयात शिकणाऱ्या, कुठल्याही संघात निवड न होणाऱ्या, आवाज बरा पण गायक नसलेल्या, आयुष्यात कधी पोहायला न शिकलेल्या साधारण मुलामुलींना संध्याकाळी जाऊन काही खेळता-शिकता येईल अशी जागा आहे का, हा प्रश्न या वादात क्वचितच येतो. गेली काही वर्षे मी म्युनिकमध्ये राहते, आधी विद्यार्थिनी म्हणून आणि आता नोकरीनिमित्त. या प्रश्नाचे इथले उत्तर जवळून पाहता आले, आणि त्यातले काय घेण्याजोगे आहे नि काय नाही, याबद्दल माझी काही मते झाली आहेत.

जर्मन विद्यापीठांत 'होखशूलश्पोर्ट' (विद्यापीठीय क्रीडा) नावाचा विभाग असतो. म्युनिकचा हा विभाग देशातला सर्वांत मोठा मानला जातो, तो शहरातल्या विद्यापीठांसाठी मिळून चालतो आणि त्याचे मुख्य ठाणे 1972 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या उद्यानात आहे. त्या ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंसाठी उभारलेले क्रीडाग्राम आज विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. तिथल्या चिमुकल्या बंगल्यांच्या दर्शनी भिंती राहणाऱ्या मुलांनी आपापल्या मर्जीने रंगवलेल्या असतात. पण मला खरे अप्रूप वाटले ते या भव्यतेचे नाही, अभ्यासवर्गांच्या यादीचे. व्हॉलीबॉल, तलवारबाजी, ज्युदो, पोहणे, योग, साल्सा, गिर्यारोहण, नौकानयन, हिवाळ्यात स्कीइंग, आणि यांतल्या बहुतेकांपुढे पातळी लिहिलेली: नवशिके, थोडे येणारे, पुढचे. या यादीत नवशिक्यांची पातळी सर्वांत वर असते आणि तिच्या जागाही सर्वांत आधी भरतात. निवड चाचणी नाही, 'कुठल्या संघात खेळलीस' अशी विचारणा नाही. मी वयाच्या तेविसाव्या वर्षी हातात पहिल्यांदा तलवार धरली तेव्हा माझ्या शेजारी पीएचडी करणारा एक पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ होता आणि आम्ही दोघेही सारखेच वाईट खेळत होतो. सत्र संपले तेव्हा कोणी परीक्षा घेतली नाही, प्रमाणपत्रही दिले नाही.

हे सगळे इथे पहिल्यापासून असेच होते, असे मात्र नाही. 1934 मध्ये नाझी राजवटीने विद्यार्थ्यांसाठी खेळ सक्तीचे केले; सुरुवातीची सत्रे ठरलेला शारीरिक कार्यक्रम पुरा केल्याशिवाय पुढचे शिक्षण अडत असे. युद्धानंतर पूर्व जर्मनीतही 1951 च्या उच्चशिक्षण सुधारणेत खेळ अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग झाला. पश्चिम जर्मनीने मात्र 1948 मध्ये विद्यापीठीय क्रीडा विभागांची संघटना उभारली ती स्वेच्छेच्या पायावर, आणि आज देशभर तीच रीत आहे. सक्तीचा प्रयोग दोन अगदी वेगळ्या राजवटींत करून पाहिलेल्या देशाने शेवटी तो सोडून दिला, याची नोंद आपल्या श्रेयांकवाद्यांनी घ्यायला हवी. त्याच नाझी काळात, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. दाराशी येईल त्याला शिकवायचे, ही आपल्या तालमी-आखाड्यांची जुनी रीत त्या मंडळाच्या मागे होती. म्हणजे मी जे इथले म्हणून सांगते आहे त्याचे मूळ आपल्याकडे नव्हतेच असे मानायचे कारण नाही. ते महाविद्यालयाच्या फाटकातून आत आले नाही, एवढेच.

आपल्याकडे गुण आणि खेळ यांची गाठ धोरणाच्या पुष्कळ आधी बांधली गेली. दहावी-बारावीच्या परीक्षेत जिल्हा पातळीपासून आंतरराष्ट्रीय पातळीपर्यंत खेळलेल्यांना 5 ते 25 सवलतीचे गुण मिळतात. चित्रकला, शास्त्रीय गायन, लोककला यांनाही दहावीत वाढीव गुण आहेत. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. गुणी खेळाडूला आधार मिळावा या हेतूने हे केले गेले आणि ग्रामीण भागातल्या कित्येक मुलींना घरून मैदानावर जायची परवानगी या गुणांमुळेच मिळाली, हे मी नाकारत नाही. पण त्याच सवलतींच्या लोभाने बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहिला आणि अशा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघड झाली. ज्या गोष्टीला कागदाचे मोल आहे तिचा कागद तयार करणारे कोणीतरी भेटतेच. दहावी-बारावीत निदान स्पर्धेचा निकाल, संघटनेचा शिक्का असे काहीतरी तपासण्याजोगे असते. सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकात हजेरीपत्रक आणि जर्नल एवढेच उरते, आणि वर्गात शंभर-सव्वाशे मुले असताना एकट्या प्राध्यापकाने ते कसे तपासावे? त्यांना दोष देण्यात मला स्वारस्य नाही.

आपली दुसरी सवय मला अधिक नडणारी वाटते. ती म्हणजे रंजनाची सारी व्यवस्था संघाभोवती उभी करण्याची. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी जिमखान्याचे शुल्क भरतो. ते पैसे प्रामुख्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जाणाऱ्या संघांच्या प्रवासावर, पोशाखांवर आणि साहित्यावर खर्च होतात. जिमखान्याच्या कपाटाची किल्ली शिपायाकडे असते, शिपाई पाचला घरी जातो, आणि कॅरम बोर्ड तेवढा दिवसभर चार जणांच्या ताब्यात असतो. कलांचेही तेच. पुण्यात 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने मराठी रंगभूमीला आणि पडद्याला माणसे दिली, आणि तालमीच्या त्या दोन-तीन महिन्यांत मुले जे शिकतात ते कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. परंतु 2022 मध्ये जेव्हा परीक्षकांनी दर्जाच्या मुद्द्यावर मुख्य करंडक कुणालाही न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा झालेली चर्चा आठवून पाहा. परीक्षक कठोर की मुले उथळ, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. महाविद्यालयात नाटक करायचे म्हणजे स्पर्धेसाठीच करायचे, हे मात्र सगळ्यांनी गृहीत धरले होते. ज्याला फक्त नाटक वाचायला, प्रकाशयोजना शिकायला किंवा दर गुरुवारी चार जणांत उभे राहून बोलायला आवडते, त्याच्यासाठी त्या चर्चेत जागा नव्हती.

आता याची दुसरी बाजू, जी परदेशातून लिहिणारे बहुधा टाळतात. म्युनिकमध्ये मला करंडकासारखे काही कधीच सापडले नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा 1928 पासून नदीवर होतो, त्यासाठी मुले महिनोन्महिने होड्या वल्हवतात, मशाली घेऊन कवायती बसवतात, आणि पास होऊन वीस वर्षे झालेले लोक तो पाहायला परत येतात. इथल्या विद्यार्थ्याला हे सांगितले तर तो विचारतो, की विद्यापीठाचा आणि तुमच्या उत्साहाचा काय संबंध? त्याच्या दृष्टीने विद्यापीठ हे शिकण्याचे ठिकाण; खेळायला त्याचा गावचा क्रीडासंघ असतो. जर्मनीत असे सुमारे 86,000 क्रीडासंघ आहेत आणि किमान सात माणसे जमली, की नवा संघ नोंदवता येतो. होखशूलश्पोर्टचा वर्ग म्हणजे ठरल्या वेळी संगणकावर झडप घालून मिळवलेली जागा. लोकप्रिय वर्ग नोंदणी उघडल्यावर काही मिनिटांत भरतात. दीड तास घाम गाळायचा, "चूस" (जर्मनमधले 'येते') म्हणायचे आणि आपापल्या सायकलीवर बसायचे. संपूर्ण सत्र एकत्र खेळून एकमेकांचे आडनाव ठाऊक नसणे इथे अगदी सामान्य आहे. कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला हे फार एकाकी वाटते, आणि पहिल्या हिवाळ्यात, साडेचारलाच अंधार पडू लागल्यावर, ते सोसत नाही.

शिवाय ही सोय सगळ्यांना सारखी परवडते असेही नाही. 2023-24 मध्ये जर्मनीत सुमारे 49,000 भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांमधला हा सर्वांत मोठा गट आहे. अशा बहुतेक विद्यार्थ्यांना व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे (सप्टेंबर 2024 पासून 11,904 युरो) दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात दाखवावे लागतात, आणि मागे कर्ज असते. वर्षातून 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, ती बहुतेक जण पुरेपूर वापरतात. गोदामात रात्रपाळी करून आलेल्या मुलाला संध्याकाळच्या ज्युदोच्या वर्गाचे कौतुक सांगणे हे जरा क्रूरपणाचेच आहे. असे विद्यार्थी रविवारी एखाद्या गवताच्या तुकड्यावर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात किंवा गणपतीच्या आधी मराठी मंडळाच्या ढोलपथकात येतात. तिथे नोंदणी लागत नाही आणि सगळ्यांना सगळ्यांची आडनावे माहीत असतात.

तरीही एका बाबतीत मी इथल्या व्यवस्थेची निःसंकोच बाजू घेईन, आणि ती बाब मुलींची आहे. ऑलिंपिक उद्यानातले शेवटचे वर्ग रात्री उशिरा सुटतात, उद्यानात दिवे असतात, भुयारी रेल्वे चालू असते, वसतिगृहाला फाटक बंद होण्याची वेळ नसते. आपल्याकडे मैदान मोकळे होते संध्याकाळी, आणि नेमके तेव्हाच मुलींच्या वसतिगृहाची हजेरी जवळ येते. मुलांच्या वसतिगृहातले दिवे लावून रात्री दहापर्यंत व्हॉलीबॉल चालतो आणि मुली तो गॅलरीतून पाहतात, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कितीतरी संकुलांत आजही दिसेल. 2015 मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आंदोलन सुरू केले तेव्हा चर्चा ग्रंथालयाची झाली, सुरक्षिततेची झाली, संस्कारांची तर झालीच. खेळण्याचा उल्लेख मात्र फारसा कोणी केला नाही, जणू मुलींनी रात्री आठला बॅडमिंटन खेळायची इच्छा धरणे ही मागणी म्हणण्याच्याही लायकीची गोष्ट नव्हती. योगाच्या दोन श्रेयांकांनी ही वेळ अर्ध्या तासानेही पुढे सरकत नाही.

मुंबईच्या वाचकांचा आक्षेप मला ऐकू येतो: आधी मैदान तर दाखवा. सकाळी पदवीचे वर्ग, दुपारी कनिष्ठ महाविद्यालय, संध्याकाळी आणखी काही, अशा पाळ्यांत चालणाऱ्या इमारतीला अंगणसुद्धा नसते, आणि विरार किंवा कल्याणहून येणाऱ्या मुलाला सातची लोकल पकडायची असते. हे खरे आहे. पण इथल्या यादीतल्या अर्ध्याअधिक वर्गांना मैदान लागतच नाही. योग, नृत्य, ज्युदो, साधे व्यायाम हे बाके बाजूला सरकवलेल्या सभागृहात होतात. खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे. आपल्याकडे महाविद्यालयाला शारीरिक शिक्षण संचालकाचे एक पद असते, अनेक ठिकाणी तेही रिकामे आहे, आणि जिथे भरलेले आहे तिथे त्या एकाच माणसाने संघ घडवायचे, स्पर्धांचे अर्ज भरायचे आणि आता श्रेयांकही द्यायचे. म्युनिकमध्ये आमचा तलवारबाजीचा वर्ग घेणारी मुलगी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होती. क्रीडासंघटनेचा प्रशिक्षकाचा परवाना तिने मिळवलेला होता आणि तासावर तिला मानधन मिळे. अशा शिकवण्याच्या कमाईवर जर्मन सरकारने करसवलत ठेवली आहे. 2021 मध्ये तिची मर्यादा वर्षाला 3,000 युरो करण्यात आली.

आपल्या प्रत्येक महाविद्यालयात मल्लखांब, कथक, कबड्डी, तबला उत्तम येणारे विद्यार्थी आहेत, कारण सवलतीच्या गुणांसाठी का होईना, ते दहा-दहा वर्षे शिकले आहेत. त्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळ नवशिक्यांना शिकवण्यासाठी थोडे प्रशिक्षण आणि तासाचे पैसे द्यावेत, ते जिमखाना शुल्कातून द्यावेत, आणि त्या शुल्काचा ताळेबंद सूचनाफलकावर लावावा. श्रेयांक द्यायचेच असतील तर ते शिकवणाऱ्या मुलामुलींना द्यावेत, कारण वर्ग झाला की नाही हे त्यांच्या बाबतीत शिकायला आलेल्या वीस जणांना विचारून कळू शकते. शिकायला येणाऱ्यांच्या हजेरीचे पत्रक ठेवू नये. मुली येणार असतील तर वसतिगृहाच्या फाटकाची वेळ त्या दोन दिवसांपुरती तरी वर्ग सुटल्यानंतरची असावी, आणि ती प्राचार्यांच्या तोंडी परवानगीवर न ठेवता वेळापत्रकातच छापावी.