गेटर लिहा, सेटर लिहा, मग बोंबला

काऊन बे? जावाच्या प्रत्येक फील्डला गेटर (ती वाचून देणारी मेथड) आणि सेटर (ती बदलणारी) काऊन? एवढंच विचारायचंय मला. साधा डीटीओ होता, म्हणजे नुसता डेटा इकडून तिकडे नेणारा क्लास. डेटाबेसमधून आलेलं उचलायचं, जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) करून ब्राउझरकडे फेकायचं, संपलं त्याचं आयुष्य. सगळ्या फील्ड पब्लिक फायनल ठेवल्या. एकदा भरल्या की कोणाच्या बापाला बदलता येत नाहीत. तर आमच्या सिनिअर साहेबांनी पीआर, म्हणजे माझा कोड घ्या ही विनंती, अडवला. कमेंट काय, तर ‘एन्कॅप्सुलेशन?’ म्हणजे आतला डेटा लपवला का नाही. बस. वाक्य पूर्ण करायचेही कष्ट नाहीत.

भाऊ, फायनल काढून प्रायव्हेट केलं आणि प्रत्येक फील्डला गेटर-सेटर दिले, तर लपलं काय? दाराला कुलूप घालायचं, किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगायची!

मे महिना, बाहेर ४५, वाद कोण घालणार. टाकले गेटर. संध्याकाळी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, गेलं आणि फ्रंटएंडवाली ओरडली, सगळे ग्राहक इनॲक्टिव्ह दिसताहेत! दिसणारच. फील्डचं नाव ‘इजॲक्टिव्ह’. पब्लिक होती तोवर जॅक्सन (जेसन बनवणारी लायब्ररी) तेच नाव जेसनमध्ये टाकत होता. आता ‘इजॲक्टिव्ह’ नावाचा गेटर दिसल्यावर त्यानं जावाबीन्सच्या, म्हणजे गेटर-सेटरच्या नावांच्या, नियमानं पुढचा ‘इज’ कापला, उरलं नुसतं ‘ॲक्टिव्ह’. ब्राउझर जुनंच नाव शोधतोय, हाती येतंय अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच नाही. आणि रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, “अरे, एपीआयचं कॉन्ट्रॅक्ट तोडलंस की.” म्हणजे फ्रंटएंडला कबूल केलेलं नाव बदललंस. मी! मी तोडलं!

ज्या जावाबीन्सचं हे खूळ, त्याचा १९९७ चा स्पेक होता व्हिज्युअल टूलमध्ये कंपोनंट मांडता यावेत म्हणून. माझ्या डीटीओला कोण माऊसनं ओढणार आहे? खुद्द जावानं २०२१ मध्ये, १६ व्या आवृत्तीत, रेकॉर्ड, म्हणजे डेटापुरते आयते क्लास, पक्के केले. त्यात सेटर नाहीच, वाचणाऱ्या मेथडच्या नावात ‘गेट’ पण नाही. पण आमचा प्रोजेक्ट जावा ८ वर, अपग्रेड कायम पुढच्या क्वार्टरला. गेटर-सेटर आपोआप बनवणारं लोम्बोक मागितलं तर “मॅजिक नको”. स्प्रिंग फ्रेमवर्कचं ‘ट्रान्झॅक्शनल’ (एक शब्द लावला की डेटाबेसचा व्यवहार आपोआप सांभाळणारं) मात्र यांना मॅजिक वाटत नाही! वर कव्हरेज (टेस्टनं तपासलेल्या कोडची टक्केवारी) भरायला गेटरच्याही टेस्ट. राम सेट करा, राम गेट करा, राम आला का बघा. आणि प्रत्येक इंटरफेसमागे तो अमलात आणणारा एकुलता एक ‘इम्पल’ क्लास, त्याच्यावर तर मी बोलतच नाही.

डेटाबेस सांभाळणाऱ्या हायबरनेटच्या एंटिटीत (टेबलाच्या क्लासमध्ये) गेटर मीही घालतो. लेझी प्रॉक्सीची (मागितल्यावरच डेटा आणणाऱ्या बदली ऑब्जेक्टची) फील्ड थेट वाचली तर नल (रिकामं) मिळतो, तिथे त्याला काम आहे. काम आहे तिथे लिहा ना राजेहो!

काल आयटी पार्कच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाता खाता शेजारच्या पोराला हे सगळं सांगितलं. गळ्यात आयडी कार्ड होतं, वाटलं आपल्यातलाच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तर्रीचं की रागाचं देव जाणे. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सर, पर्सनल लोन पाहिजे का?”

हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, म्हणून आज त्या गेटरच्या डोक्यावर जेसनप्रॉपर्टीचं ॲनोटेशन लावलं. नाव ‘इजॲक्टिव्ह’च ठेव, असं सांगणारं. म्हणजे पब्लिक फील्ड फुकटात जे करत होती तेच, आता चार ओळी वाढवून. साहेबांनी मिनिटात अप्रूव्ह केलं. खाली कमेंट: ‘क्लीन.’