तलावातील गाळासंबंधीच्या संदेशाबाबत खुलासा

‘तलावातला गाळ नेल्यास स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावे लागेल, अन्यथा ट्रॅक्टर जप्त होईल’ असा संदेश बीड, धाराशिव भागातील गावांच्या गटांवर फिरत असून तो चुकीचा आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेच्या 2017 च्या शासन निर्णयानुसार शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पसरण्यासाठी नेलेल्या गाळावर स्वामित्वधन आकारले जात नाही. या योजनेत बंदी आहे ती वाळूच्या उत्खननावर, आणि बहुधा त्या कारवाईची बातमी गाळाला जोडली गेली असावी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गाळ उपसल्याने तलावाची साठवणक्षमता वाढते आणि हलक्या, मुरमाड जमिनीला सुपीक थर मिळतो. गावाने मिळून उचललेले हे काम भीतीपोटी थांबले, तर पावसाळ्यापूर्वीचे मोजके आठवडे हातचे जातील. उलट, 2023 पासून अल्प व अत्यल्पभूधारकांना गाळ वाहून नेऊन पसरविण्यासाठी प्रति घनमीटर 35.75 रुपये, एकरी कमाल 15,000 रुपये व अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. मात्र उपसा परस्पर सुरू न करता ग्रामपंचायतीमार्फत रीतसर कळवूनच करावा. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा आवर्जून कळवावा.