खुलासा : हक्काचं पाणी म्हणजे फुकटचं पाणी नव्हे
‘पाणी आता मानवी हक्क, पाणीपट्टी भरू नका, खासगी कंपन्यांवर बंदी’ असा मेसेज फिरतोय. त्यात हक्काची गोष्ट तेवढी खरी. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२२ मतांनी तो मान्य केला. ४१ देश तटस्थ राहिले, विरोधात एकही मत नव्हतं. पण ठरावात शब्द आहे ‘परवडणारं’, ‘फुकट’ नव्हे. खासगी कंपन्यांवर बंदीही नाही; मात्र पाणी कंपनी पुरवत असली तरी जबाबदारी सरकारचीच राहते.

आणि हक्क फक्त पैशांचा नाही. पाणी भरून आणण्यासाठी जाण्या-येण्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ जात असेल, तर तिथेही तो डावललाच जातोय. मला तरी हे बिलापेक्षा मोठं वाटतं.