अंगठ्याखालचा उंचवटा आणि कॅल्शियम : एक खुलासा

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय : अंगठ्याच्या बुडाशी असलेला उंचवटा बसला म्हणजे कॅल्शियम कमी, गोळ्या घ्या, रबरी चेंडू दाबा. हे चूक आहे.

त्या उंचवट्यात अगदी वर असतो ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस हा छोटा स्नायू. त्याला चालवणारी मीडियन नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिथे ती दीर्घकाळ दबली, की स्नायू झिजतो. त्याआधी बहुधा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते, हात झटकला की बरं वाटतं. करंगळी सहसा शाबूत. तिची नस वेगळी.

हा स्नायू घरी तपासायला तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, अंगठा सरळ छताकडे उचला आणि दुसऱ्याला तो खाली दाबायला सांगा. एकाच हाताचा लगेच पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कारण मानेतही असू शकतं, म्हणून नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का ते पाहणारी तपासणी, सांगतात.

आणि चेंडू? तो दाबताना राबतात मुख्यतः कोपराखालचे स्नायू. दबलेली नस त्याने सुटत नाही. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपण असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.