आपल्या मातीतली रेड जरा थांबून प्या

भारतीय रेड वाईन जुनी करून प्यायच्या लायकीची नसते, असं आपल्याकडे फार ठामपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती दोन-तीन वर्षांपलीकडे ठेवून कधी प्यायलेलीच नसते. मला हे मत साफ अमान्य आहे. परवा आमच्याकडे जुन्या बाटल्या उघडायला मित्रमंडळी जमली, तेव्हा ते पुन्हा खोटं ठरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

घर नाशिकचं, जुनं. मागच्या बाजूला जाड दगडी भिंतींची एक बिनखिडकीची खोली आहे, तीच आमचं तळघर. पण एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० गाठतो, तेव्हा नुसत्या भिंतींच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून खोली यंत्राने थंड ठेवतो, १४ अंशांच्या आसपास. आकडा एखाद्या अंशाने इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही, बिघडतं ते रोजच्या चढउताराने. बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं, आकसत नाही आणि हवा आत शिरत नाही. उजेड नको, हादरे नकोत. एवढं सांभाळलं की बाकीचं काम वाईन स्वतः करते.

आत काय घडतं? द्राक्षाच्या सालीतून आलेला रंग आणि टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा देणारं द्रव्य, हळूहळू एकमेकांना धरून जड होतात आणि साका होऊन तळाशी बसतात. म्हणून जांभळी वाईन विटकरी होत जाते आणि जिभेवरचा तुरटपणा मवाळ होतो. ताज्या फळाचा वास मागे पडतो. सुकं अंजीर, चामडं, तंबाखू असे वास वर येतात. हे सगळ्याच बाटल्यांत होत नाही. आपल्याकडची बहुतेक शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ, म्हणजे पांढरी वाईन, ताजीच प्यावी, तिचा जीव तिच्या ताजेपणात आहे. ठेवायची ती टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही भक्कम असलेली रेड.

आणि ती आपल्याकडे बनते. नाशिककडे वाईनच्या द्राक्षाची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे घड भरतात ते थंडीच्या रात्रींत. त्या थंडीमुळे आंबटपणा टिकतो, असं दिंडोरीकडे बाग असलेला आमचा मित्र सांगतो, आणि ग्लासात त्याचा पुरावा मिळतो.

परवा नाशिकच्या सुला वायनरीच्या रासा शिराझ या रेडच्या वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या होत्या आणि अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते. सेत्ते म्हणजे सांजोवेझे आणि कॅबर्ने सोविन्यों या दोन काळ्या द्राक्षांचं मिश्रण, इटलीतल्या टस्कनीचे वाईन बनवणारे पिएरो मासी यांच्या हाताखाली घडलेलं. बाटल्या आदल्या दिवशीच उभ्या करून ठेवल्या होत्या, साका खाली बसावा म्हणून. जुनं बूच स्क्रूने तुटतं, त्यामुळे दोन पात्यांचं ओपनर. ओतताना मानेखाली टॉर्च धरायचा आणि साका मानेशी आला की थांबायचं.

सुरुवात तरुण शिराझने केली. दमदार, काळ्या मिरीची. मग त्याच शिराझची दहा वर्षांपुढची बाटली. तिथे टेबलावरचं बोलणं थांबलं. मिरी होती, पण मागे सरकलेली. पुढे सुकलेलं आलुबुखार आणि घोट गिळल्यावरही रेंगाळणारा मऊपणा. वहिनी म्हणाल्या, “मला पहिलीच आवडली, हिच्यात फळ उरलं नाही.” बागवाला मित्र पेटून उठला, “अहो वहिनी, फळ तर रोज खातो आपण!” दोघेही शेवटपर्यंत हटले नाहीत. एकाच द्राक्षाची दोन वयं शेजारी-शेजारी असली की असा वाद होतो, आणि मला तो वादच हवा असतो. सेत्ते मात्र सगळ्यांना एकमताने आवडली. अजून काही वर्षं तिच्यात आहेत.

एक बाटली मेलेली निघाली. बूच भुसभुशीत, वास व्हिनेगरकडे झुकलेला. ती ओतून दिली. जुन्या बाटल्यांत हे होतंच, म्हणून एकच बाटली जपण्यापेक्षा एकाच वर्षाच्या सहा घ्याव्यात आणि दर दोन वर्षांनी एक उघडावी.

जेवणात अळणी मटण आणि भाकरी. तांबडा रस्सा त्या दिवशी नकोच. तिखटाने जीभ पेटली की दहा वर्षांची मेहनत कळत नाही.

माझी खरी तक्रार दुकानांबद्दल आहे. बाटल्या उभ्या, काचेला लागून, उन्हाच्या झळीत महिनोन् महिने. त्याआधी उन्हाळ्यातला ट्रकचा प्रवास. अशी भाजलेली वाईन घरी आणून दोन वर्षं ठेवली आणि बिघडली, की खापर द्राक्षावर फुटतं. हा आपल्या शेतकऱ्यांवर आणि वाईन बनवणाऱ्यांवर अन्याय आहे. ठेवायची असेल तर थेट वायनरीतून घ्या, काढणीचं वर्ष बघून घ्या. वायनऱ्यांनीही चांगल्या वर्षाच्या थोड्या पेट्या मागे ठेवून पिकल्यावर विकायला काढाव्यात. स्पेनमध्ये रिओहा भागातली ग्रान रिझर्व्हा दर्जाची रेड पाच वर्षं मुरल्याशिवाय बाजारात येत नाही. नाशिकला निदान सुरुवात करायला काय हरकत आहे?

नाशिक-पुण्याकडे कुणाकडे नीट ठेवलेली, दहा वर्षांपुढची भारतीय कॅबर्ने असेल तर कळवा. डिकँटर आणि भाकरी माझ्याकडे.